पुरावा कुणी आणायचा?

बाची पिशवी खाकी कापडाची होती. माझ्याच जुन्या हाफपँटीची आयनं शिवलेली. तिच्यात दोन कप्प्यांचा ॲल्युमिनियमचा डबा, तंबाखूची चंची, आणि पावसाळ्यात डोक्यावर घ्यायला प्लास्टिकचा कागद. एवढाच संसार. १९७९ च्या सप्टेंबरात एका शनिवारी पहिली पाळी सुटताना कारखान्याच्या गेटवर त्या पिशवीतनं पितळेचे तीन व्हॉल्व निघाले. निघाले, असं कंपनीचं म्हणणं.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. तो आता राहिलेलाही नाही, त्या जागी टॉवर उभे आहेत आणि टॉवरच्या गेटवर आपलीच पोरं वॉचमनच्या टोप्या घालून बसलीत. बा तिथं अकरा वर्षं स्वीपर होता. आम्ही विक्रोळीच्या टेकडीवर झोपडीत राहायचो. मी नववीत होतो.

त्या रात्री बा उशिरा आला. आयला सगळं सांगितलं, पोलिसात दिलं नाही म्हणाला, कामावरनं सस्पेंड केलंय म्हणाला. आय भिंतीला टेकून बसली. शेजारच्या बायका दारात. मी अभ्यासाचं पुस्तक पुढ्यात धरून सगळं ऐकत होतो, आणि कुणी काही बोलायच्या आत माझ्या तोंडातून गेलं, "बा, घेतलंतंस का?"

बानं माझ्याकडं पाहिलं. "तुला काय वाटतंया?" म्हणाला.

मी उत्तर दिलं नाही. मला खरंच काही वाटत नव्हतं, भीती वाटत होती. पण चौदा वर्षांचं पोर गप्प बसलं की त्याचा अर्थ एकच निघतो. बानं चंची काढली, तंबाखू मळली, बाहेर जाऊन बसला. पुढं सव्वापाच वर्षं तो जगला. या विषयावर माझ्याशी एक अक्षर बोलला नाही.

दोस्तांनो, तुम्ही म्हणाल, हा घरातला गळा काढण्याचा कार्यक्रम कशाला? सांगतो. गेली पस्तीस वर्षं मी कामगारांच्या खातेनिहाय चौकशीत बचाव प्रतिनिधी म्हणून बसतो. वकील नाही. बी.कॉम. नापास, नंतर पास. झाडूवाले, वॉर्डबॉय, कंडक्टर, शिपाई, गोदामातले हमाल, असल्यांच्या बाजूनं टेबलाच्या अलीकडं बसायचं हा माझा उद्योग. आणि प्रत्येक चौकशीत कुठल्या ना कुठल्या रूपात मला तोच प्रश्न भेटतो, जो मी बाला विचारला. साहेब विचारतो, चौकशी अधिकारी विचारतो, युनियनचा सेक्रेटरी खासगीत विचारतो, कामगाराची बायको विचारते. घेतलंस का? केलंस का? नाही केलंस तर दाखव.

बाच्या चौकशीचे कागद मला पुढं ट्रंकेत मिळाले. दहा पानं, इंग्रजीत टाईप केलेली, प्रत्येक पानाखाली बाची सही. रात्रीच्या शाळेत शिकलेली सही, अक्षरं एकमेकांपासून लांब लांब उभी, जणू कुणी त्यांनाही वेगळं बसवलंय. पहिल्याच पानावर चौकशी अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न बाला. कंपनीचा एकही साक्षीदार अजून आलेला नाही, वॉचमन नाही, स्टोअरकीपर नाही. आणि प्रश्न काय, तर हे व्हॉल्व तू ठेवले नाहीस याला तुझ्याकडं काय पुरावा आहे? उत्तर: काही नाही.

दुसऱ्या पानावर तेच. तुझ्या पिशवीत दुसऱ्या कुणी ठेवले हे तू सिद्ध करू शकतोस का? उत्तर: नाही.

तिसऱ्या पानाला एक कागद जोडलेला. गेटवर त्याच दुपारी बाची सही घेतलेला. त्यात इंग्रजीत लिहिलंय की मी माल नेताना सापडलो, मला माफ करावं. बाला इंग्रजी येत नव्हतं. त्याला सांगितलं, सही कर म्हणजे घरी जाता येईल. माणूस घरी गेला. पुढं चौकशी अधिकाऱ्यानं लिहिलं, आरोप कबूल असल्याने साक्षीदार तपासण्याची गरज नाही. हा अधिकारी कंपनीनंच फी देऊन आणलेला वकील होता. १९८० च्या मार्चमध्ये बडतर्फीचं पत्र आलं.

आता यातली मेख नीट समजून घ्या, कारण आपल्या पोरांना मोर्चाची वेळ पाठ असते आणि स्थायी आदेशाचं कलम माहीत नसतं. आरोप ज्यानं केला त्यानं तो शाबीत करायचा. कामगारानं निर्दोषपणा शाबीत करायचा नसतो. मालकानं आरोपपत्र द्यायचं, साक्षीदार आधी मालकाचे, त्यांची उलटतपासणी कामगारानं करायची, मग कामगाराला बोलायचं तर बोलू द्यायचं. कामगारालाच आधी खुर्चीवर बसवून सरबत्ती करायची हे न्यायाला धरून नाही, असं सुप्रीम कोर्टानं असोसिएटेड सिमेंटच्या खटल्यात साठच्या दशकातच सांगितलं होतं. त्याच दशकात एच. सी. गोयल नावाच्या सरकारी नोकराच्या खटल्यात न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिलं की खात्याच्या चौकशीतसुद्धा नुसता संशय पुराव्याच्या जागी बसवता येत नाही. गजेंद्रगडकर सातारचे, आमच्याच जिल्ह्यातले. त्यांनी दिल्लीत लिहिलेलं वाक्य विक्रोळीच्या टाईम ऑफिसपर्यंत पंधरा वर्षांत पोचलं नाही.

आणि हे स्थायी आदेश तरी कुठून आले? पूर्वी मिलमध्ये, कारखान्यात नियम म्हणजे जॉबरच्या तोंडातला शब्द. कधी काढलं, का काढलं, विचारायची सोय नाही. मालकानं शिस्तीचे नियम लिहून काढावेत, गैरवर्तन म्हणजे काय ते लिहावं, काढायच्या आधी माणसाचं म्हणणं ऐकावं, ही सक्ती औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्यानं १९४६ साली आली. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते बाबासाहेब. आपण १४ एप्रिलला घटना डोक्यावर घेऊन मिरवतो ते बरोबरच आहे. पण हा कायदाही त्यांच्या मजूरखात्यातून आलेला, आणि माझ्या बाच्या पिशवीशी त्याचा संबंध जास्त जवळचा होता. त्या कारखान्यात स्थायी आदेशाची चौकट होती. टाईम ऑफिसच्या भिंतीवर, काचेत, इंग्रजीत आणि मराठीत. बा रोज ती काच पुसायचा.

बडतर्फीनंतर पँथरची पोरं आली. गेटवर सभा झाली, घोषणा झाल्या. "आमचा माणूस निर्दोष आहे!" त्या दिवशी माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. पण आज वाटतं, त्या घोषणेतच आम्ही हरलो होतो. निर्दोष आहे असं आम्ही ओरडलो, म्हणजे पुराव्याचं ओझं आम्हीच उचलून डोक्यावर घेतलं. मॅनेजर आतनं म्हणाला असेल, आणा मग पुरावा. ओरडायचं होतं ते हे की, तुम्ही शाबीत करा. साक्षीदार आणा. स्टोअरचं रजिस्टर दाखवा. पोरांचा दोष नाही. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि पिढ्यान् पिढ्या गावात काहीही हरवलं की महारवाड्याची झडती आधी, ही आपल्या हाडीमासी खिळलेली सवय. झडती येणार म्हणजे आपण आपणहून भांडी बाहेर काढून ठेवायची. बघा, काही नाही आमच्याकडं.

युनियन लहान होती पण वकील चांगला होता, पारशी होता, अत्यंत तिरसट. त्यानं बाला पहिल्या भेटीत एकही प्रश्न विचारला नाही. कागद मागितले. बा बाहेर आल्यावर आयला म्हणाला, "ह्यो मानूस मला कायबी इच्यारंना." त्याला ते अपमानाचं वाटलं. मला वाटतं, अख्ख्या प्रकरणात तेवढ्या एकाच माणसानं त्याला योग्य तऱ्हेनं वागवलं.

समेट अधिकाऱ्यापुढं समेट फिसकटला, मग सरकारनं वाद लेबर कोर्टाकडं पाठवला. तारखा. १९८४ साली कोर्टाचा पहिला निवाडा आला, ज्याला कोर्टात पार्ट वन अवॉर्ड म्हणतात. चौकशी न्याय्य नव्हती, रद्द. बाला वाटलं, जिंकलो. पेढे आणले, पावशेर. वकिलानं पेढा खाल्ला आणि सांगितलं की आता कंपनी कोर्टातच पुन्हा पुरावा देणार, तसा तिला हक्क आहे. हे तुम्हीही ध्यानात ठेवा. चौकशी खोटी ठरली म्हणजे माणूस आत आला असं नाही. १९७१ च्या दुरुस्तीनं औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ कलम घातलं आणि शिक्षा जादा वाटली तर ती कमी करायचा अधिकार लेबर कोर्टाला मिळाला. त्यावर १९७३ साली फायरस्टोन टायरच्या कामगारांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पुरावा पुरेसा आहे का हे आता कोर्ट स्वतः तपासेल, पण चौकशी झाली नसली किंवा सदोष असली तर मालकाला कोर्टापुढं पहिल्यांदा पुरावा देऊन बडतर्फी शाबीत करता येईल. ओझं मालकाचंच. पण वेळ? वेळ कुणाचा गेला?

बाचा गेला. या वर्षांत तो भाजी मार्केटात हमाली करायचा. छातीचं दुखणं होतंच. १९८५ च्या जानेवारीत गेला.

कामगार मेला म्हणून वाद मरत नाही, अशी दुरुस्ती १९८२ च्या कायद्यानं केलेली होती. ती नुकतीच लागू झाली होती म्हणून आय बाच्या जागी उभी राहिली. १९८६ च्या पावसाळ्यात कंपनीनं वॉचमनला साक्षीला आणलं. सात वर्षांनी! म्हातारा झाला होता. बरेलीकडचा माणूस, कंपनीनं शिकवलेलं घडाघडा बोलला. पिशवी तपासली, व्हॉल्व निघाले, पंचनामा केला. मग आमचा वकील उठला.

पाळीभर ही पिशवी कुठं असायची?

संडासाच्या मागच्या भिंतीला. खिळ्याला.

तिथं कोण कोण जातं?

सगळेच.

पिशवीला कुलूप?

पिशवीला कसलं कुलूप?

बाकीचे कामगार सामान कुठं ठेवतात?

लॉकरमध्ये.

या माणसाला लॉकर होता?

वॉचमनला प्रश्नच कळला नाही. कोर्टाकडं बघत म्हणाला, "साब, स्वीपर को लॉकर नहीं होता."

टायपिस्टनं ते टाईप केलं. मी मागच्या बाकावर बसलो होतो, एकवीस वर्षांचा. अकरा वर्षं बाचा डबा संडासाच्या भिंतीला टांगलेला असायचा हे मला त्या दिवशी कळलं. आयला माहीत होतं. ती माझ्याकडं न बघता पदर चाचपत राहिली. त्यात स्टोअरकीपरलाही व्हॉल्व कमी पडल्याची नोंद रजिस्टरात दाखवता आली नाही.

१९८८ साली शेवटचा निवाडा. पिशवी उघड्या जागी टांगलेली, कुणाचाही हात पोचावा अशी, माल कामगाराने जाणूनबुजून ठेवला हे कंपनीने शाबीत केलेले नाही, सबब बडतर्फी रद्द. त्याच परिच्छेदात न्यायाधीशांनी असंही लिहिलं की परिस्थिती संशयास्पद आहे खरी. आणि मागचा पगार निम्मा. का निम्मा? तर या काळात कामगार दुसरीकडे मिळकत करत नव्हता असे वारसाने दाखवलेले नाही. म्हणजे मालकानं काढलं, पोरं उपाशी राहू नयेत म्हणून माणसानं पोती उचलली, तर ती पोतीच त्याच्याविरुद्ध पुरावा. तीनशे ऐंशी रुपये पगार, त्याचे निम्मे एकशे नव्वद, अठ्ठावन्न महिने. अकरा हजार वीस रुपये. आयनं त्यातनं ताईचं लग्न केलं. आधी ठरलेलं एक लग्न चोराचं घर म्हणून मोडलं होतं.

मागच्या पगाराचा हा गुंता पुढं बराचसा सुटला, तोही आपल्या महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेमुळं. दीपाली गुंडू सुरवसे या खटल्यात २०१३ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बेकायदा काढलेल्या माणसाला सर्वसाधारणपणे पूर्ण मागचा पगार मिळायला हवा. मी कुठं लायक पगारावर नोकरीला नव्हतो एवढं कामगारानं सांगितलं की पुरे, तो दुसरीकडं कमावत होता हे दाखवायची जबाबदारी मग मालकाची. आय तेव्हा हयात नव्हती. निकाल वाचताना मी तिच्या फोटोखालीच बसलो होतो.

आता थोडं कडू. आपल्यातले काही तरुण मित्र समजतात की मालकानं फौजदारी खटल्यासारखं निःसंशय शाबीत केलं पाहिजे. तसं नाही. चौकशीत पारडं कुणीकडं झुकतं एवढंच बघतात, शक्यता कुठली जास्त. १९७७ सालचा हरियानाच्या रतन सिंग नावाच्या कंडक्टरचा खटला मी प्रत्येक शिबिरात सांगतो. तपासणी पथकानं बस अडवली, विनातिकीट प्रवासी सापडले म्हणाले. ते प्रवासी साक्षीला आणलेच नाहीत. तरी सुप्रीम कोर्ट म्हणालं, चालेल, पथकातल्या इन्स्पेक्टरची साक्ष आहे ना, काहीतरी पुरावा आहे ना. पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम इथं लागू नाहीत. निकाल कुणाचा? न्या. कृष्णा अय्यरांचा, गरिबांच्या बाजूनं लिहिणारे म्हणून ज्यांचं नाव आपण घेतो त्यांचा. मला तो निकाल पटलेला नाही. पण तो आहे, आणि समोरचा वकील तो खिशात घेऊनच येतो.

दुसऱ्या बाजूला २००९ सालचा रूपसिंग नेगी. पंजाब नॅशनल बँकेतला शिपाई. बँकेनं पोलिसांचे कागद आणि कबुलीजबाब चौकशीत ठेवले आणि झालं म्हटलं. कोर्ट म्हणालं, कागद नुसता पुढं ठेवल्यानं शाबीत होत नाही, कुणीतरी येऊन तो शाबीत करायला हवा, आणि संशय कितीही दाट असला तरी तो पुरावा नव्हे. या दोन निकालांच्या मधल्या बोळात आपल्याला लढायचं असतं. प्रवासी नसले तरी चालतं, पण कुणीतरी माणूस उभा करावा लागतो. आणि माणूस उभा राहिला की त्याला विचारता येतं, डबा कुठं टांगला होता.

जात कुठं आली यात, असं मला एकदा पुण्याच्या शिबिरात एका पोरीनं विचारलं. चांगला प्रश्न. बाच्या दहा पानांत जात कुठंच नाही. कुणी लिहीत नाही. तुम्ही म्हणालात की मला महार म्हणून अडकवलं, तर सूडबुद्धीचा हा आरोप शाबीत करायची जबाबदारी उलट तुमच्यावर येते. कायद्यानं एका ठिकाणी मात्र हे पारडं फिरवलंय. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं १२ वं कलम. त्यातला गुन्हा अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडला असेल, तर तो अस्पृश्यतेच्या कारणानंच घडला असं कोर्ट गृहीत धरतं, तसं नाही हे समोरच्यानं दाखवायचं. एवढी समज १९५५ साली होती. कारखान्याच्या टाईम ऑफिसात तशी समज कुणी आणली नाही. खिळा कुणासाठी आणि लॉकर कुणासाठी, हे विचारायला पारशी वकील लागला.

आणि जिथं पुराव्याचं ओझं सरळ आपल्याच माणसावर आहे, ती जागा तर आज सगळ्यात मोठी झालीय. कंत्राटी. त्याला आरोपपत्र नाही, चौकशी नाही. मुकादम म्हणतो, उद्यापासून येऊ नको. कोर्टात गेलं की कंत्राटदार म्हणतो, ही बाई आमच्याकडं नव्हतीच. वर्षात २४० दिवस काम केलं हे शाबीत करायचं कामगारानं. २००२ सालच्या हदिमणी खटल्यात कोर्ट म्हणालं की नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. हजेरीपट कुणाकडं? मालकाकडं. पगाराचं रजिस्टर? मालकाकडं. २००६ सालच्या यल्लट्टी खटल्यात थोडी फट निघाली: कामगारानं स्वतः साक्षीला उभं राहावं, जवळ जे काय आहे ते दाखवावं, आणि मालकाकडचे हजेरीपट कोर्टामार्फत मागवून घ्यावेत. म्हणून मी बायकांना सांगत फिरतो, पासबुक टाकू नका, पी.एफ.ची चिठ्ठी टाकू नका, गणवेशाची पावती, दिवाळीला मुकादमानं काढलेला फोटो, काहीही टाकू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तर १९४६ आणि १९४७ चे जुने कायदे जाऊन औद्योगिक संबंध संहिता आली. स्थायी आदेशांची सक्ती आता तीनशे किंवा त्याहून जास्त कामगार असले तरच. दोनशे नव्वद माणसांच्या कारखान्यात भिंतीवर पुसायला काचसुद्धा नसली तरी चालेल.

गेल्या महिन्यात एक बाई आली. एका शहराच्या महापालिकेत कंत्राटदाराकडं झाडू मारते, सहा वर्षं. सोबत मुलगा, नववी-दहावीतला. मनगटावर बांधायचं घड्याळ देतात ना आता, कुठं आहे ते दाखवणारं, ते म्हणालं की बाई सलग नऊ दिवस बीटवर नव्हती. काढून टाकली. तिनं मला एक छापील कागद दाखवला, नुसते आकडे आणि नकाशावर लाल ठिपके. कुणाची सही नाही.

"साहेब, मी रोज जात होते. पण मशीन खोटं बोलंल व्हय?"

मुलगा आईकडं बघत होता. ती नजर मी ओळखली. त्याचं तोंड उघडलं, "आई, तू खरंच..."

"वही आहे का दप्तरात?" मी मध्येच म्हटलं. "काढ. लिही."

त्यानं वही काढली. मी सांगत गेलो. हा कागद कुणी काढला. तो माणूस साक्षीला येणार का. घड्याळ बंद पडलं तर नोंद कोण ठेवतं. आणि त्या नऊ दिवसांचंच नव्हे, घड्याळ दिलं तेव्हापासूनचं सगळं रेकॉर्ड कंत्राटदारानं हजर करावं. बाईला कळेना, आपल्यावरच्या पाळतीचा आणखी कागद कशाला मागायचा. मी म्हटलं, मावशी, ती बाई आमची नव्हतीच असं तो उद्या कोर्टात म्हणंल, तेव्हा तुमचे दोनशे चाळीस दिवस हेच घड्याळ मोजून देईल. ती जरा सैल झाली. चहा आला.

"रात्री घड्याळ कुठं असायचं?" मी विचारलं.

"चौकीवर. मुकादमाकडं. चार्जिंगला समद्यांची एकाच टोपलीत."

"आणि सकाळी?"

"सकाळी काय, अंधारात हाताला यील ते बांधायचं नि पळायचं. नंबर कोन बघतंय?"

मी चहा खाली ठेवला. मुलगा लिहायचा थांबून आईकडं बघत होता, पण आता वेगळ्या तऱ्हेनं.

"हे पण लिही," मी म्हटलं. "टोपली. एकच."

बाई वहीवर वाकली. "नीट अक्षरात काढ रं," म्हणाली. "त्यांना वाचता आलं पायजे."